हो, मी सभासद होते

कवी म्हणून मला बोलावलं जातं तेव्हा कवितेवर बोलावं अशी अपेक्षा असते. आज मात्र मी एका फॉर्मवर बोलणार आहे. हा फॉर्म भरायला आमच्या घराला तीन रात्री लागल्या. त्या तीन रात्रींत धाकट्या बहिणीचं आणि माझं जितकं भांडण झालं, तितकं वडिलांच्या घराच्या वाटणीवरूनही झालं नव्हतं.

माझी भाची सोलापूरची. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा निकाह झाला. जावई मूळचे हैदराबादचे, न्यू जर्सीत नोकरीला आणि अमेरिकेचे नागरिक. अमेरिकन नागरिकाच्या पत्नीला तिकडे कायमचं राहायला जायचं तर स्थलांतराचा व्हिसा लागतो. आधी नवरा तिकडे अर्ज करतो. त्याचं नाव आय-१३०. लग्न खरं आहे, कागदोपत्री नाही, हे त्यात दाखवायचं. तो मंजूर झाला की प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातं आणि मग पत्नीने आपला फॉर्म भरायचा. तो डीएस-२६०. मागचे पत्ते, नोकऱ्या, शिक्षण, आईवडिलांची माहिती असं सगळं त्यात असतं. शेवटी सुरक्षेचे प्रश्न येतात. कधी गुन्हा केला का, दहशतवादी कृत्यात भाग घेतला का, असं एकामागून एक विचारत जातात आणि आपण ‘नाही, नाही’ करत पुढे जातो.

सप्टेंबर २०२३ मधली रात्र होती. जेवणं झाली होती. भाची पटापट ‘नाही’ करत चालली होती आणि एका प्रश्नापाशी तिचं बोट थांबलं. कम्युनिस्ट किंवा सर्वंकष हुकूमशाही मानणाऱ्या पक्षाशी सभासद म्हणून किंवा अन्य प्रकारे संबंध, अशा अर्थाचा तो प्रश्न होता. उत्तराला जागा दोनच, हो किंवा नाही.

आता सांगायला हवं की माझी भाची कॉलेजात असताना, म्हणजे २००९ पासून, डाव्या विद्यार्थी संघटनेत होती. २०१२ मध्ये ती रीतसर कम्युनिस्ट पक्षाची सभासद झाली. आपल्याकडे कम्युनिस्ट पक्ष एकापेक्षा जास्त आहेत, त्यातला कोणता हे इथे महत्त्वाचं नाही. सोलापुरात ही काही जगावेगळी गोष्ट नव्हे. गिरण्यांचं आणि विड्यांचं हे गाव. आमच्या मोहल्ल्यात घरोघरी सुपात पानं घेऊन विड्या वळणाऱ्या बायका होत्या. त्यांच्या मजुरीसाठी, प्रॉव्हिडंट फंडासाठी जे मोर्चे निघत, त्यात लाल झेंडा असेच. बार्शीचे अमर शेख आमच्याच जिल्ह्यातले. मेहबूब हुसेन पटेल या नावाचा मुलगा मराठीत गाऊन ‘अमर’ झाला, हे ऐकतच मी मोठा झालो आणि मीही ऐन पंचविशीत कलापथकात डफ वाजवला. भाचीला लहानपणी खांद्यावर बसवून तालमीला नेणारा मीच.

म्हणून बहिणीचा पहिला वार माझ्यावर आला. “भाईजान, ये सब तुम्हारेइच वजह से.” आणि मग मुलीला म्हणाली, “नहीं बोलके लिख दे. अमेरिका से कौन आता देखने कू?”

तिच्या बोलण्यामागे भीती होती, ती मी समजत होतो. आधीच मुसलमान नाव. विमानतळावर या नावाची जास्त चौकशी होते, असं तिने ऐकलेलं. त्यात आणखी लाल झेंडा कशाला जोडायचा? फॉर्म भरून देणाऱ्या एका एजंटानेही तेच सांगितलं होतं. “सोडलाय ना पक्ष? मग ‘नाही’ टाका आणि पुढे चला.”

भाचीने लॅपटॉप मिटला आणि मला विचारलं, “मामू, झूठ लिखूँ क्या?”

खरं सांगतो, मला लगेच उत्तर देता आलं नाही. तिचा नवरा दीड-पावणेदोन वर्षं एकटा राहत होता. मी तत्त्वाचं बोलायचं आणि त्याची किंमत तिने मोजायची, हे मला पटेना. पण तत्त्व बाजूला ठेवलं तरी, खोटं लिहिणं खरोखर सोयीचं आहे का, एवढं तरी आधी बघू, असं मी म्हणालो. जावयांनी तिकडच्या एका वकीलबाईंची वेळ घेतली. पुढे जे कळलं त्यातलं बरंचसं मला नवीन होतं.

मुळात हा प्रश्न फॉर्ममध्ये आला कुठून? १९५० साली, शीतयुद्धाच्या ऐन तापलेल्या काळात, अमेरिकेच्या संसदेने अंतर्गत सुरक्षा कायदा केला आणि कम्युनिस्ट पक्षाच्या सभासदांना देशात यायला बंदी घातली. अध्यक्ष ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरला होता. संसदेने तो मोडून कायदा केला. १९५२ च्या स्थलांतर कायद्यात ही बंदी कायम राहिली. त्यालाही ट्रुमन यांचा नकार होता आणि तोही मोडला गेला. तेव्हा ही बंदी साध्या पाहुण्यालाही लागू होती. कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन ऑक्सफर्डला विद्यार्थी असताना काही आठवडे गंमत म्हणून पक्षात गेले होते. तेवढ्यावरून पन्नाशीच्या दशकात त्यांना व्हिसासाठी अडवलं गेलं. कवी पाब्लो नेरुदा आणि कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांनाही या कायद्याचा जाच झाला.

१९९० साली अमेरिकेने कायदा बदलला. पर्यटक, विद्यार्थी, व्याख्यानाला जाणारा पाहुणा यांच्यासाठी हे कलम उरलं नाही. मात्र कायमचं राहायला जाणाऱ्यासाठी ते राहिलं. म्हणजे एखादा कॉम्रेड मुलाकडे दोन महिने राहून आला असेल, तर त्याला हा अडथळा आला नसेल. पण तोच माणूस किंवा त्याची मुलगी ग्रीन कार्डासाठी अर्ज करील, तेव्हा हे कलम समोर उभं राहील. रशिया बदलला, बर्लिनची भिंत पडली, पण फॉर्ममधला प्रश्न जागचा हलला नाही.

आपल्याला वाटेल की आमचे कम्युनिस्ट पक्ष निवडणुका लढवणारे. केरळात १९५७ साली मतपेटीतून त्यांचं सरकार आलं. पश्चिम बंगालमध्ये १९७७ पासून २०११ पर्यंत डाव्यांनी राज्य केलं आणि मतदारांनी उतरवलं तेव्हा ते उतरले. यांना सर्वंकष हुकूमशाहीवाले कसं म्हणायचं? हा वाद भाषणात ठीक आहे. कायद्यात ‘कम्युनिस्ट किंवा अन्य सर्वंकष हुकूमशाहीचा पक्ष’ असं लिहिलेलं आहे, आणि पक्ष देशी असो की परदेशी. पक्षाच्या शाखा, उपशाखा आणि संलग्न संस्थाही त्यात येतात. शिवाय ‘आहे’ इतकंच नाही, ‘आहे किंवा होता’ असे कायद्याचे शब्द आहेत. एजंटाचा सल्ला नेमका इथे फसत होता.

दुसऱ्या रात्री वकीलबाईंनी फोनवर दुसरी बाजू सांगितली, तेव्हा माझी बहीण स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. या कलमाला तीन मोठ्या पळवाटा, नव्हे, सरळ वाटा आहेत. कायद्यानेच ठेवलेल्या.

पहिली वाट, नाइलाजाने झालेल्या सभासदत्वाची. सोळा वर्षांच्या आतलं, कायद्यानेच लादलेलं, किंवा नोकरी, शिधा आणि जगण्याच्या अशाच मूलभूत गरजा मिळाव्यात म्हणून घेतलेलं सभासदत्व धरत नाहीत. चीनसारख्या देशातून जाणाऱ्यांना ही वाट उपयोगी पडू शकते. आमच्या भाचीला तिचा उपयोग नव्हता. तिच्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. उलट आईने ‘जाऊ नको’ म्हटलेलं असताना ती मोर्चाला जायची.

दुसरी वाट, सोडून दिलेल्या सभासदत्वाची. अर्जाच्या तारखेपूर्वी किमान दोन वर्षं सभासदत्व संपलेलं असेल आणि अर्जदारापासून अमेरिकेच्या सुरक्षिततेला धोका नसेल, तर हे कलम आडवं येत नाही. तो पक्ष एखाद्या देशात सर्वंकष हुकूमशाही चालवत असेल, तर दोनाऐवजी पाच वर्षं लागतात. भारत काही तसा देश नाही. आमच्या भाचीने २०१६ नंतर पक्षाचं काम सोडलं होतं. म्हणजे सात वर्षं झाली होती.

तिसरी वाट, जवळच्या नात्याची. सभासदत्व अजून चालू असेल किंवा नुकतंच सुटलं असेल, तरीही अमेरिकन नागरिकाचा पती किंवा पत्नी, आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण यांना सूट मागता येते. कुटुंब एकत्र राहावं, माणुसकीचा विचार व्हावा, अशा कारणांसाठी ती दिली जाते. त्याचा अर्ज वेगळा आणि निर्णय अधिकाऱ्याच्या मर्जीवर. पण दार आहे.

मग वकीलबाईंनी खोट्याचा हिशेब मांडला. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगून व्हिसा मागितला, तर त्यासाठी वेगळं कलम आहे. ते कलम एकदा लागलं की जन्मभराचं. त्याला दोन वर्षांची मुदत नाही, पाच वर्षांची नाही. सूट मागता येते, पण तिथे अमेरिकेतल्या पतीला, पत्नीला किंवा आईवडिलांना असह्य हाल सोसावे लागतील हे सिद्ध करावं लागतं. नुसता विरह पुरत नाही. शिवाय खऱ्या उत्तराने व्हिसा मिळालाच असता, हा बचावही दर वेळी चालत नाही. खोट्यामुळे चौकशीची एखादी रास्त दिशा बंद झाली, एवढंही अंगाशी येऊ शकतं.

मी हे बहिणीला आमच्या बोलीत सांगितलं. ज्या गोष्टीला कायद्याने माफी ठेवली आहे ती लपवायला निघालो, तर जिला सहज माफी नाही ती गोष्ट करून बसू. बहीण काही बोलली नाही. आत जाऊन तिने चहा टाकला. भांडण तिथे मिटलं.

तिसऱ्या रात्री ‘हो’ लिहिलं गेलं. पण ‘हो’ लिहून भागत नाही. खाली खुलासा लिहायचा असतो आणि खुलाशाला कागद लागतात.

भाचीने पक्षाचा राजीनामा कधी दिलाच नव्हता. पुण्याला नोकरी लागली, जाणं कमी झालं, काही बाबतींत मतं जुळेनाशी झाली आणि संबंध विरत गेला. आपल्याकडे बहुतेक माणसं पक्ष अशीच सोडतात, दार न आपटता. मग सभासदत्व संपल्याची तारीख कोणती? इथे पक्षाचीच शिस्त कामाला आली. या पक्षांत सभासदत्वाचं दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. मार्च २०१६ नंतर तिने ते केलेलं नव्हतं.

आम्ही दोघं पक्षाच्या ऑफिसात गेलो. तीच लाकडी बाकं, भिंतीवर त्याच तसबिरी. एक वयस्कर कॉम्रेड होते. त्यांनीच तिला कॉलेजात असताना संघटनेत घेतलं होतं. सगळं ऐकून घेतलं. चष्मा पुसला. कपाटातून रजिस्टर काढलं, बोट फिरवत तिचं नाव शोधलं आणि कोऱ्या लेटरहेडवर स्वतःच्या हाताने लिहून दिलं. सभासदत्वाचा काळ, शेवटचं नूतनीकरण, त्यानंतर सभासद नाही. शिक्का मारला. पत्र देताना म्हणाले, “तू आता येत नाहीस हे माहीत होतं गं. पण लिहायची पाळी माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं.” भाचीचे डोळे भरले. ते म्हणाले, “अगं, खरंच तर लिहिलंय. जा, संसार कर.”

राहिलं तिचं निवेदन. घरात कवी असताना ते काम माझ्याकडे येणार हे उघड होतं. मी दोन पानं लिहिली. ‘तारुण्याचा जोश’, ‘भाबडं वय’, ‘झालेली चूक’ असे शब्द त्यात होते. भाचीने पेन घेतलं आणि ‘चूक’ खोडलं. “मामू, मी विडीवाल्या बायकांना पासबुक वाचायला शिकवलं. फंडाचे फॉर्म भरून दिले. ही चूक कशी?” वकीलबाईंनीही तिचीच बाजू घेतली. पश्चात्ताप कोणी मागितलेला नाही, असं त्या म्हणाल्या. कधी सभासद झालात, का झालात, काय काम केलंत, पद होतं का, पैसे किती आणि कशासाठी दिलेत, हिंसेशी कधी संबंध आला का, कधी आणि का सोडलं, आज काय संबंध आहे, एवढंच लिहा. माझ्या दोन पानांचं एक पान झालं. त्यात एकही विशेषण उरलं नाही. माझ्या नावावर सहा कवितासंग्रह आहेत, पण इतकं कमी शब्दांत नेमकं मी क्वचितच लिहिलं असेल.

वर्गणीचा प्रश्न बारीक आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. या कायद्यात एखाद्या संघटनेला पैसे किंवा मदत देणं म्हणजे तिच्याशी संलग्न असणं, असं गृहीत धरलं जातं. ते गृहीतक आहे, खुलासा करता येतो. उलट, नुसतं नाव नोंदवलं म्हणून माणूस कलमात बसतोच असंही नाही. १९५७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर रोवोल्ट नावाच्या जर्मन स्थलांतरिताचा खटला आला. तो १९३५ मध्ये, मंदीच्या दिवसांत, सुमारे वर्षभर पक्षात होता. भाकरीचा लढा म्हणून तो तिथे गेला होता. पक्षाशी त्याचा अर्थपूर्ण राजकीय संबंध होता असं दिसत नाही, असं म्हणून न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याची हद्दपारी रद्द केली. त्यामुळे आपण तिथे नेमकं काय करत होतो, हे नीट सांगण्याला महत्त्व आहे.

मार्च २०२४ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत झाली. तोवर ठरलेल्या डॉक्टरांकडची तपासणी आणि पासपोर्ट ऑफिसचा पोलीस दाखला झाला होता. मी आणि बहीण बाहेर फुटपाथवर. आत तिने उजवा हात वर करून शपथ घेतली. अधिकाऱ्याने लग्नाचे दोन-चार प्रश्न विचारले आणि मग पक्षाकडे वळला. तिथे काय करत होता? तिने पासबुकाचं सांगितलं, मोर्चांचं सांगितलं, पक्षाचं साप्ताहिक विकल्याचंही सांगितलं. का सोडलं? तेही सांगितलं. तो टाइप करत होता. शेवटी त्याने तिचं निवेदन आणि पक्षाचं पत्र ठेवून घेतलं आणि एक चिठ्ठी दिली. प्रकरण अजून तपासात आहे, असा तिचा अर्थ.

बाहेर येऊन तिने चिठ्ठी दाखवली तेव्हा बहिणीने माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही, पण परतीच्या गाडीत सोलापूरपर्यंत मला झोप लागली नाही. तिकडे ‘नाही’ लिहून गेलेल्या किती जणी आज सुखाने नांदत असतील, हा विचारही आला. खोटं कशाला सांगू?

चार महिने काहीच कळलं नाही. जावई रोज रात्री फोन करायचे. जुलै २०२४ मध्ये पासपोर्ट आला, आत व्हिसा होता. वेगळी सूट मागावी लागली नाही, दुसऱ्या वाटेनेच काम झालं. ऑगस्टमध्ये ती गेली.

आता, ज्यांच्या घरी असा अर्ज आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. काँग्रेस, भाजप, शिवसेना, राष्ट्रवादी अशा पक्षांचं साधं सभासदत्व या कलमात येत नाही. पण संस्था-संघटनांबद्दल वेगळा प्रश्न असेल, तर तिथे जे आहे ते लिहावं. विद्यार्थी संघटना, युवक संघटना, कामगार युनियन, कलापथक यांचं पक्षाशी नातं काय, हे स्वतः ठरवू नये, वकिलाला विचारावं. जुने फोटो पुसत बसू नये. मे २०१९ पासून या फॉर्ममध्ये मागच्या पाच वर्षांतली फेसबुकसारखी खातीही लिहून द्यावी लागतात. फोटोत लाल झेंडा आणि फॉर्ममध्ये ‘नाही’, यापेक्षा वाईट काही नाही. सभासदत्व अजून चालू असेल, तर तेही लपवू नये. फॉर्म भरण्याआधी वकिलाशी बोलावं. एजंट वकील नसतो, आणि त्याने टाकलेल्या खुणेखाली सही आपली असते.

आणि कागद जपून ठेवावेत. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात हाच प्रश्न पुन्हा येतो. तिथे मागच्या दहा वर्षांतलं सभासदत्व बघतात. नागरिकाच्या पत्नीला ग्रीन कार्डानंतर साधारण तीन वर्षांनी तो अर्ज करता येतो. म्हणजे आमची भाची २०२७ मध्ये करील, तेव्हा २०१६ त्या दहा वर्षांच्या बाहेर गेलेलं असेल. तरीही तिला ‘हो’च लिहायचं आहे, याच तारखांसह. त्या निवेदनाची आणि कॉम्रेडच्या पत्राची प्रत माझ्या कपाटात आहे, निकाहनाम्याच्या शेजारी.

गेल्या महिन्यात मोहल्ल्यातला एक मुलगा असाच फॉर्म घेऊन आमच्याकडे आला. त्याची बायको तिकडची नागरिक आहे आणि हा युनियनचं काम करायचा. त्याने दबक्या आवाजात मला विचारलं, “चाचा, नहीं लिखूँ ना?” मी चष्मा शोधत होतो. तेवढ्यात आतून बहिणीचा आवाज आला, “जो है सो लिख, बेटा. पहले वकील कू पूछ, फिर लिख.”

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)